मे महिन्याची नोंद कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘भूजलशास्त्राच्या पदासाठी पात्र उमेदवारच मिळेना’ ही आपल्या कालच्या अंकातली बातमी वाचली. विद्यापीठाच्या कुलसचिवांनी व्यक्त केलेली खंतही वाचली. राज्यात पाण्याची एवढी ओरड असताना ‘भूजलशास्त्र व शाश्वत जलव्यवस्थापन’ या विषयाला एक सहायक प्राध्यापक मिळू नये, याचं त्यांना वाईट वाटतं म्हणे. आम्हा जुन्या तासिकावाल्यांना (तासाच्या हिशोबाने नेमलेल्या प्राध्यापकांना) अगदी गहिवरून आलं.

जाहिरातीतली एक अट मात्र बातमीत यायची राहून गेली. पद ११ महिन्यांच्या करारावर आहे. बातमीदाराला ती किरकोळ वाटली असेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

भूजलाचं वर्ष जूनला सुरू होतं आणि मेअखेर संपतं. मे महिन्यात विहिरींची पातळी मोजायची, पाऊस सरला की पुन्हा मोजायची आणि त्या फरकावरून यंदा जमिनीत किती मुरलं याचा अंदाज बांधायचा. या विषयात पहिल्या सत्रातल्या पोराला एवढं येतं. हे १२ महिन्यांचं काम ११ महिन्यांच्या माणसाने करताना कुठला महिना गाळायचा, ते कुलसचिवांनीच सांगावं. मी शिकवत होतो त्या विद्यापीठाने (नाव लिहीत नाही, कळणाऱ्यांना कळेल) हा पेच फार सोपा केला होता. तिथे मे गाळत.

मी त्या विभागात तासिका तत्त्वावर भूजल शिकवत असे. विभागामागे एक जुनी बांधीव विहीर होती. तिच्या कठड्यावर माझ्या आधीच्या सरांनी तैलरंगाने एक लाल खूण करून ठेवली होती. मोजमाप त्या खुणेपासूनच घ्यायचं, असा त्यांचा दंडक होता. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप आत सोडायची, खुणेपाशी आकडा वाचायचा, वर ओढून खडू जिथपर्यंत भिजला तेवढी लांबी वजा करायची. मुलं आधी हसत, मग भांडत, कारण दोघांचे आकडे जुळत नसत. वही विभागाच्या कपाटात असे. तिच्यात ऑक्टोबरच्या, जानेवारीच्या, मार्चच्या नोंदी सापडत. मेच्या रकान्यात रेघ, कारण एप्रिलमध्ये शेवटची तासिका झाली की आमची नेमणूक संपे.

एका मेमध्ये मी आपण होऊन गेलो. पैसे नकोत, कागद नको, फक्त टेप टाकून आकडा घेतो म्हटलं. फाटकावरचा सुरक्षारक्षक ओळखीचा. रोज ‘नमस्कार सर’ म्हणणारा. तो बिचारा ओशाळून म्हणाला, “सर, तुमचं कार्ड संपलंय. वरून परवानगी आणा.” वर गेलो, म्हणजे फोन केला. विभागप्रमुख म्हणाले, “जूनमध्ये जाहिरात निघेल तेव्हा बघू.” जूनमध्ये जाहिरात निघाली, पण तोवर पाऊसही आला होता.

जी काही नोंद उरली होती तिचंही काय झालं ते सांगतो. मूल्यांकनासाठी समिती येणार म्हणून आवाराची रंगरंगोटी निघाली. त्यात विहिरीचा कठडा दोन फुटांनी उंच केला, वर छान फरशी बसवली, जाळी टाकली आणि सगळ्याला पांढरा रंग दिला. लाल खूण गेली ती गेलीच. त्या वर्षी माझ्या जागी दुसरे एक तासिकावाले आले होते. भला माणूस, पण खुणेबद्दल त्यांना कोण सांगणार? त्यांच्या विद्यार्थ्याने नव्या कठड्यावरून मोजलं, जुन्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिलं आणि प्रकल्पात लिहून टाकलं की आवारातली भूजल पातळी दोन फुटांनी खालावली आहे, उपसा तातडीने रोखावा. प्रकल्पाला सर्वोत्तम म्हणून बक्षीसही मिळालं. पाणी होतं तिथेच होतं, हे सांगायला विभागात कुणीही कायमचं नव्हतं.

आता ‘पात्र उमेदवार’ या गोष्टीकडे येतो. याच पदासाठी पूर्वी एकदा मीही अर्ज केला होता. माझी पदव्युत्तर पदवी भूशास्त्रातली, पीएच.डी. विहिरींच्या उपसा चाचण्यांवर (पंप लावून पाणी किती उतरतं आणि किती भरतं ते मोजायचं). छाननीच्या यादीत नावापुढे शेरा आला, ‘विषय संलग्न नाही’. प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेत भूजलशास्त्र नावाचा स्वतंत्र विषयच नाही. कुणी भूविज्ञानातून देतो, कुणी पर्यावरणशास्त्रातून, आणि जलसंपदावाले स्थापत्य अभियांत्रिकीतून येतात. मग कुठला विषय संलग्न आणि कुठला नाही, हे छाननीला बसलेल्यांच्या मर्जीवर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत छाननीच्या गुणांमध्ये अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. प्रत्येक शोधनिबंधाला २, तेही १० पर्यंत. रानात उन्हात उभं राहून केलेल्या चाचण्यांना वेगळा गुण नाही. आणि माझा तासिकेवरचा अनुभव तर तिथे अनुभव म्हणून धरलाच नाही. विद्यापीठाने स्वतःच दिलेलं काम विद्यापीठालाच मान्य नव्हतं. शिवाय विहिरीवर घेतलेल्या प्रात्यक्षिकाचं बिल ‘वर्गाबाहेरील तासिका ग्राह्य नाही’ असा शेरा मारून परत येई. ते पैसे अजून येणे आहेत, जाता जाता आठवण करून देतो.

कुणी म्हणेल, हल्ली उपग्रहाच्या चित्रांवर आणि संगणकाच्या प्रतिमानांवर सगळं होतं, विहिरीत टेप कशाला सोडायची? उपग्रहाशी माझं वैर नाही. पण राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. पाठ्यपुस्तकं सुरू होतात दार्सी या फ्रेंच अभियंत्यापासून, आणि त्याने १८५६ मध्ये पाणी झिरपण्याचा नियम मांडला तो वाळूतून पाणी सोडून. आपल्याकडचं पाणी असतं मुरमात, मांजऱ्यात (मऊ, सच्छिद्र खडकात) आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत. बांधाच्या अलीकडची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते आणि पलीकडची मेपर्यंत पाणी देते, असं कुठल्याही गावात दिसेल. मोठ्या व्यासाच्या विहिरीवर पंप सुरू केला की सुरुवातीला बाहेर येतं ते विहिरीत साठलेलं पाणी, खडकातलं नव्हे. हे जमेस धरून हिशोब कसा करायचा ते पापाडोपुलस आणि कूपर यांनी १९६७ मध्येच दाखवलं. तरी मुलाखतीला बसलेल्या तज्ज्ञांपैकी कुणीही मला विहिरीचा व्यास विचारला नाही. शोधनिबंध ‘इंडेक्स्ड’ (मान्य सूचीतल्या नियतकालिकांतले) आहेत का, हे तिघांनीही विचारलं. (हो, छाननीविरुद्ध अपील करून मी मुलाखतीपर्यंत पोचलो होतो. निकाल: योग्य उमेदवार आढळला नाही. म्हणूनच कालचा मथळा इतका ओळखीचा वाटला.)

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाची ग्रामसभा दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणती पिकं घ्यायची ते ठरवते. गावाचं हे काम उभं करणाऱ्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या विभागात त्यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला, फलक लागला. ज्या विभागाला स्वतःच्या एका विहिरीची १२ महिन्यांची नोंद ठेवता आली नाही, त्याच विभागात.

तेव्हा संपादक महोदय, विनंती एवढीच. पुढच्या वर्षी ही बातमी पुन्हा येईल तेव्हा करार किती महिन्यांचा होता, किती अर्ज आले, किती छाननीत बाद झाले आणि कुठल्या कारणाने, एवढं विचारून छापा. कुलसचिवांची खंत दोन ओळींनी कमी झाली तरी वाचकांची तक्रार नसेल.

आणि लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. कालच्याच अंकात, मागच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींत एका पाणाड्याची चौकट आहे. नारळावर पाणी बघून मिळेल, ४०० फुटांपर्यंत शंभर टक्के हमी. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली आहेत आणि तो कायदा २०१४ पासून लागू आहे. आपल्या जाहिरात विभागाला हे माहीत नसावं. माहीत असेल तर आतल्या पानावर भूजल खालावल्याचा अग्रलेख आणि मागच्या पानावर ४०० फुटांची हमी, हे कसं बसतं ते समजावून सांगा. त्या गृहस्थाला नेट-सेट विचारत नाहीत ते एक सोडाच.

नाव छापू नये. जूनमध्ये पुन्हा जाहिरात निघणार आहे आणि छाननीला मंडळी तीच असतात.

आपला,
एक माजी तासिका प्राध्यापक