आई, त्या खिडकीला आम्ही हात केला

आयोवा सिटी, अमेरिका
२६ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फराळाचा डबा भाऊबीजेच्या दिवशीच पोचला. चकल्यांचा थोडा चुरा झालाय, पण करंज्या जशाच्या तशा आल्या. जावयांनी पहिल्या दिवशीच अर्धा चिवडा संपवला, मग उरलेला डबा मी कपाटात वर ठेवून दिला.

आज सकाळी फोनवर तुम्ही विचारत होता की काल कुठं होता, दिवसभर फोन लागला नाही. मागं पोरांचा एवढा कालवा चालला होता की मला धड काही सांगता आलं नाही. आणि हे फोनवर सांगायचंही नव्हतं. दोघांनी निवांत बसून वाचावं म्हणून लिहिते आहे.

काल पोरांना आम्ही पहिल्यांदा मॅचला नेलं. इथल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉलच्या मॅचला, किनिक स्टेडियमवर. समोर शेजारच्या राज्याचं मिनेसोटा विद्यापीठ. यांच्या ऑफिसातल्या एकांना जाता येणार नव्हतं, त्यांनी चार तिकिटं दिली. इतकी वर्षं या गावात राहून आम्ही आत कधी गेलोच नव्हतो. शनिवारी त्या बाजूचे रस्ते तुंबतात म्हणून उलट लांबून वळसा घालायचो.

बाबा, हा आपला फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा जण असतात एवढंच साम्य. चेंडू नारळासारखा लांबुळका, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलात तर परत चार डाव, नाहीतर चेंडू समोरच्याला. असं रेटत रेटत शेवटच्या रेषेपलीकडं गेलं की सहा गुण. तुमच्या डोळ्यांना पहिला अर्धा तास हे सगळं थांबून थांबून चाललंय असंच वाटेल. पण दोन्हीकडची पोरं वाकून, एक हात जमिनीला टेकून समोरासमोर थांबतात ना, तो क्षण तुम्हाला ओळखीचा वाटेल. खासबागेत कुस्तीची सलामी झडल्यावर असंच व्हायचं.

मॅच दुपारची, पण माणसं सकाळपासून हजर. गाडीची मागची फळी उघडायची, तिथंच शेगडी पेटवायची, खुर्च्या मांडायच्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जत्राच. म्हाताऱ्या आज्या काळे-पिवळे झगे घालून, अंगावर पांघरूण घेऊन बसलेल्या. बारक्याला एकीनं बोलावून भाजलेलं मक्याचं कणीस दिलं. आम्ही चिवडा दिला. "फार तिखट नाही ना?" विचारत त्यांनी मूठभर घेतला आणि मग पुन्हा हात पुढं केला.

स्टेडियमला ज्याचं नाव आहे, त्या नाईल किनिकचा पुतळा बाहेर आहे. १९३९ साली देशातल्या सगळ्यात चांगल्या कॉलेज खेळाडूचा मान त्याला मिळाला. पुढं तो नौदलात गेला आणि १९४३ मध्ये सरावाच्या उड्डाणात विमान समुद्रात पडून गेला. चोवीस वर्षांचा होता. पुतळ्याच्या पायाशी हेल्मेट आहे, आत जाताना खेळाडू त्याला हात लावून जातात. पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो तसं. थोरलीनंही लावला आणि तो हात आपणहून कपाळाला नेला. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

आत शिरलो आणि मी जिन्याच्या तोंडाशीच थांबले. एकोणसत्तर हजार माणसं मावतात तिथं. बोळातून येताना अंधार असतो, आणि एकदम समोर ते हिरवंगार मैदान, चहूबाजूंनी माणसांच्या भिंती. बाबा, मला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं. मी तेव्हा थोरलीएवढीच होते. आजी दारातून ओरडत होती, "पोरीच्या जातीला कुठं घेऊन चाललायस त्या गर्दीत?" आणि तुम्ही काही न बोलता मला एम-एटीवर पुढं उभं केलंत. पाटाकडील तालमीची फुटबॉलची मॅच होती, समोर कोण होतं ते आठवत नाही. हलगी आठवते. तापलेल्या पायऱ्यांवर तुम्ही टॉवेलाची घडी करून मला बसवलंत, ते आठवतं. आणि मला दिसेना म्हणून खांद्यावर घेतलंत तेव्हा माझ्या दोन्ही घोट्यांना तुमच्या हातांची पकड होती. घोट्याला तुमच्या अंगठीचा काच लागत होता, पण सांगितलं तर खाली उतरवाल म्हणून मी सांगितलं नाही.

काल जावयांनी बारक्याला खांद्यावर घेतलं तेव्हा मी त्याच्या घोट्यांकडंच बघत होते.

बारका सुरुवातीला घाबरला. आयोवाचे खेळाडू मैदानात येतात ते पळत नाहीत, एकमेकांचे हात धरून, घोळक्यानं, सावकाश येतात. त्यावेळी जो आवाज होतो त्यानं पायाखालची बाकडी थरथरतात. मी कानाला लावायच्या टोप्या घरीच विसरले होते. चूक माझीच. तो यांच्या छातीत तोंड खुपसून "घरी जाऊया" म्हणत राहिला. मग मी ओढणी त्याच्या डोक्याभोवती दोन वेढे घालून बांधली, कान झाकले, तेव्हा कुठं एक डोळा उघडून बघायला लागला.

बाबा, आता तुमच्यासाठी मुद्दाम एक गोष्ट. आयोवाच्या खेळाडूंच्या हेल्मेटवर एक गोल पिवळा शिक्का असतो, त्यावर तीन अक्षरं. मला वाटायचं कुठल्या कंपनीची जाहिरात. शेजारच्या बाकावर एक शेतकरी आजोबा होते, मका आणि सोयाबीन करणारे. त्यांनी सांगितलं, त्याचा अर्थ "अमेरिकेला शेतकरी हवेत". १९८५ साली इथं शेतकऱ्यांची फार वाईट अवस्था होती. जमिनीचे भाव कोसळलेले, कर्जाचं व्याज डोक्यावर, पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं लिलावात जात होती. त्याच वर्षी आयोवाचा संघ देशात पहिल्या नंबरवर होता आणि सगळा देश टीव्हीवर त्यांना बघत होता. तेव्हाचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी तो शिक्का हेल्मेटवर लावला, म्हणजे बघणाऱ्याला शेतकऱ्याची आठवण राहील. चाळीस वर्षं झाली, अजून आहे. आजोबा हे सांगताना मैदानाकडंच बघत होते. मी त्यांना म्हटलं, माझे वडील ऊस करतात. त्यांनी विचारलं, "किती एकर?" मी अडीच म्हटलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं, पण ते हसले नाहीत. "पाणी कुठलं?" विचारलं. खरा शेतकरी हेच विचारणार. पंचगंगेचं म्हणून सांगितलं.

पोरांना मात्र सगळ्यात आवडलं ते डुक्कर. आयोवा आणि मिनेसोटा यांच्यात जो जिंकेल त्याला कप नाही, ढाल नाही, एक पितळी रंगाचं डुक्कर मिळतं! चांगलं चव्वेचाळीस किलोचं. थोरलीनं विचारलं, "डुक्करच का?" तर त्यामागं साधीसुधी गंमत नाही. १९३४ च्या मॅचमध्ये आयोवाकडून ऑझी सिमन्स नावाचा काळा खेळाडू खेळत होता. त्या काळात असे खेळाडू मोजकेच. मिनेसोटाच्या लोकांनी त्याला इतकं मारलं की त्याला पुन्हा पुन्हा बाहेर जावं लागलं. पुढच्या वर्षी आयोवाचे गव्हर्नर म्हणाले, यंदा असं झालं तर आमची माणसं ऐकून घेणार नाहीत. वातावरण तापलं. तेव्हा मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी तार करून पैज लावली, जो हरेल त्यानं जातिवंत डुक्कर द्यायचं. १९३५ ची मॅच आयोवा हरलं आणि आयोवाचे गव्हर्नर स्वतः जिवंत डुक्कर घेऊन मिनेसोटाच्या गव्हर्नरांच्या ऑफिसात गेले. पुढं त्याचा पुतळा झाला. पैजेनं भांडण मिटलं म्हणतात, पण त्या खेळाडूला जो मार बसला त्याचं कुणी काय केलं, हे थोरलीनं विचारलं आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. सात वर्षांची आहे, पण असं काही तरी नेमकं धरते. तुमच्यावर गेलीय.

आई, आता तुझ्याविषयी. पत्र लिहायला घेतलं ते यासाठीच.

२०१८ चा सप्टेंबर आठवतोय ना तुला? थोरली दिवस भरायच्या आत आलेली, त्या काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. तू कोल्हापूरहून डिंकाचे लाडू घेऊन आलेलीस आणि मला ते खायची इच्छा नव्हती. एका शनिवारी संध्याकाळी नर्सबाई तुला म्हणाल्या, जरा वर बाराव्या मजल्यावर जाऊन या, बरं वाटेल. तू अर्ध्या तासानं परत आलीस ती डोळे पुसत. "अगं, खाली एवढी माणसं. मधेच खेळ थांबवला आणि सगळ्यांनी वर तोंड करून हात केला. हातात दिवे घेऊन. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेचा घाट दिसतो ना, तस्सं. कुणाला गं हात करत होती?" मला तेव्हा काही सुचत नव्हतं. मी म्हटलं, असेल त्यांची काहीतरी पद्धत.

पद्धतच आहे. मुलांचं ते हॉस्पिटल स्टेडियमला अगदी लागून आहे, चौदा मजली. २०१७ साली उघडलं, तेव्हा एका बाईनं सुचवलं की वरच्या खिडक्यांतून आजारी पोरं मॅच बघत असतील, तर आपण सगळ्यांनी त्यांना हात का करू नये? त्याच वर्षापासून प्रत्येक मॅचच्या चार भागांतला पहिला भाग संपला की सगळं स्टेडियम उठून उभं राहतं, हॉस्पिटलकडं वळतं आणि हात करतं. दोन्ही संघ, पंच, बँडवाले, शेंगदाणे विकणारी पोरं, सगळे. काल मिनेसोटाची पोरंसुद्धा हेल्मेट काढून वर बघत होती.

आम्हीही उठलो. खाली उन्हं होती, म्हणून तुला दिसले तसे दिवे नव्हते, नुसते हात. वर काचेमागं छोटी छोटी डोकी दिसत होती. एका खिडकीत कुणीतरी पोराला कडेवर घेतलं होतं, त्याचा एक हात बांधलेला, दुसऱ्यानं तो हात करत होता. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. नाहीतरी मला दिसलं नसतं. थोरलीला मी घरी कधीतरी सांगितलं होतं की तू इथं जन्मलीस. तिनं माझी ओढणी ओढली.

"आई, मी कुठल्या खिडकीत होते?"

मी म्हटलं, तू खिडकीत नव्हतीस, तू पेटीत झोपलेलीस. खिडकीत तुझी आजी होती.

"आजीला खालचे लोक दिसले?"

दिसले म्हटलं. मग तिनं दोन्ही हात वर केले आणि बाराव्या मजल्याकडं बघून मोठ्यानं ओरडली, "आजीऽऽ". आजूबाजूच्यांना काय कळणार, पण शेतकरी आजोबांनी टोपी काढून तिच्याबरोबर हलवली.

मिनिटभराचा प्रकार. मग शिट्टी झाली, सगळे खाली बसले, खेळ सुरू. मी काही वेळ मैदान बघितलंच नाही. आई, तेव्हा तू एकटी वर उभी होतीस, मी खाली खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. तुझ्याशी नीट बोललेही नाही त्या दिवसांत. तू रोज डबा घेऊन दोन बसा बदलून यायचीस, इंग्रजी येत नसताना, आणि मी विचारलंही नाही की कशी आलीस. ते काल सगळं एकदम वर आलं.

तू विचारशीलच म्हणून सांगते: बारक्याला मी हा खेळ खेळू देणार नाही. बघायला ठीक आहे. पण हेल्मेटवर हेल्मेट आदळतं तो आवाज टीव्हीवर कळत नाही, तिथं बसल्यावर कळतो. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून पुढं मेंदूचे आजार होतात हे आता डॉक्टर उघड सांगतात. न आदळता, कमरेची पट्टी ओढून खेळायचा एक प्रकार आहे, २०२८ च्या ऑलिंपिकमध्येही तो असणार आहे. दोघांना हवा असेल तर तो खेळू देत. बाबांना हे पटेल असं वाटतं, कारण मैदानावर तुम्हीही आधी पोरगं उठतंय का ते बघायचात, गोल नंतर.

४१-३ नं आयोवा जिंकलं. डुक्कर इथंच राहिलं. बारक्यानं जिंकलेलं बघितलं नाही, तो ओढणीसकट यांच्या खांद्यावर झोपला. परत येताना गाडीपर्यंत अर्धा तास चाललो आणि यांनी खांदा बदलला नाही, मी घेते म्हटलं तरी.

बाबा, ऊसतोड कधी येणार ते कळवा. यंदा पाऊस लांबलाय म्हणता, तर चिखलात गाडीमागं जाऊ नका, गुडघा सांभाळा. मुकादमाशी बोलायला दादाला पाठवा. आई, तुझ्या डोळ्यांची तारीख दिवाळीनंतर होती, ती पुढं ढकलू नकोस. पासपोर्ट नवा करायचे कागद दादाकडं दिलेत, त्यावर सही करून ठेव. पुढच्या सप्टेंबरात तुम्ही दोघं या. यावेळी आई तू खाली बसायचंस, आमच्याशेजारी.

थोरलीनं चित्र काढलंय ते सोबत ठेवते. डुक्कर ओळखू येईल. वरच्या चौकोनात नऊवारी नेसलेली तू आहेस.

तुमचीच,
लेक