आयफोन घेतला म्हणजे निश्चिंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खडेबाजारातील एका दुकानात मुलीसाठी मोबाईल पाहत असताना ‘आयफोन घ्या, त्यात हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरतच नाही,’ असे विक्रेत्याने ठासून सांगितले, म्हणून हे पत्र. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे ‘पेगासस’ हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये उघडकीस आले ते आयफोनवरच, आणि २०२१ मध्ये आयमेसेज या ॲपलच्या संदेशसेवेतील त्रुटीतून, मालकाने कशावरही बोट न ठेवता, ते फोनमध्ये शिरत असल्याचे दिसल्यावर ॲपलला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. अँड्रॉइडही यातून सुटलेला नाही. उलट त्यावर घुसखोरीच्या खुणा कमी उरतात, त्यामुळे तपासात आयफोनच अधिक सापडतात.

खरा फरक दुरुस्ती पोहोचण्याच्या वेगात आहे. ॲपल ती थेट ग्राहकाला देते, तर अँड्रॉइडमध्ये बहुधा गूगलनंतर फोन बनवणाऱ्या कंपनीची वाट पाहावी लागते, आणि स्वस्त फोनच्या नशिबी ती बरेचदा नसतेच. माझ्याच फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटपुढे दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे! आयफोनमधील ‘लॉकडाउन मोड’ (२०२२) आणि अँड्रॉइड १६ मधील ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ या फोनला जादा संरक्षण देणाऱ्या सोयी पत्रकार व कार्यकर्त्यांनी जरूर वापराव्यात.

आपल्या सीमाभागातील सामान्य माणसावर पेगाससचा खर्च कोणी करणार नाही. त्याला फसवायला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाईल (अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाईल) पुरते, आणि आयफोनवर ती चालत नाही, एवढ्यापुरते त्या विक्रेत्याचे म्हणणे बरोबर होते.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव