लिफ्टसाठी २०५५ पर्यंत थांबायचे? न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांना खुले पत्र

माननीय गव्हर्नर महोदया,

सविनय नमस्कार. या आठवड्यात न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या एका सबवे रेल्वे स्थानकाच्या लिफ्टवर पुन्हा 'बंद' अशी पाटी लागली. कधी सुरू होणार, हे पाटीवर लिहिलेले नाही. म्हणून हे पत्र.

अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेचा कायदा १९९० चा. सबवेची स्थानके ४७२. लिफ्ट नसल्याबद्दलचा खटला मिटवताना सबवे चालवणाऱ्या एमटीएने २०२२ मध्ये लिहून दिले की २०५५ पर्यंत ९५ टक्के स्थानकांवर पायऱ्या न चढता जाता येईल. कायदा झाला त्या वर्षी जन्मलेले मूल तेव्हा पासष्ट वर्षांचे असेल. आज जे व्हीलचेअरवर आहेत त्यांनी तोवर काय करायचे?

क्वीन्समधल्याच अॅस्टोरियाच्या मार्गाकडे बघा. तिथे रूळ रस्त्याच्या डोक्यावरून जातात. २०१७ च्या ऑक्टोबरात ३० वा अॅव्हेन्यू आणि ३६ वा अॅव्हेन्यू ही स्थानके बंद झाली, ती पुढच्या जूनमध्ये उघडली. मग ब्रॉडवे आणि ३९ वा अॅव्हेन्यू. नवे दिवे, नव्या काचा, माहितीचे नवे पडदे आले. चारही ठिकाणी त्या कामात लिफ्ट मात्र एकही बसवली नाही. स्थानक बंद, जिने उखडलेले, लोखंडी सांगाडा उघडा: लिफ्टचा खड्डा खणायला याहून सोयीची वेळ कोणती असते? त्याच मार्गावर अॅस्टोरिया बुलेव्हार्डचा मधला मजला पाडून पुन्हा बांधला आणि २०२० मध्ये तिथे लिफ्ट आल्या. म्हणजे करायचे ठरवले की होते.

काम अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. दोन बाजूंना दोन फलाट असले की किमान तीन लिफ्ट लागतात: रस्त्यावरून मधल्या मजल्यापर्यंत एक आणि तिथून प्रत्येक फलाटाला एकेक. खाली पाण्याचे नळ, गॅस, विजेच्या तारा हलवाव्या लागतात. पण लिफ्ट बसवल्यावर त्या सांभाळायच्या कोणी? हिवाळ्यात बर्फाचा चिखल, मीठ आणि कचरा दाराच्या खाचेत साचतो, दार पुरते मिटत नाही, आणि दार मिटल्याचा संकेत मिळाल्याशिवाय लिफ्ट हलतच नाही. खड्ड्यात पाणी शिरले आणि पंप बिघडला तर सगळेच ठप्प. खाच रोज साफ करायला अभियंता लागत नाही, झाडू लागतो!

हिशेब करा. प्रत्येक लिफ्ट १०० पैकी ९७ वेळा चालते असे धरा. चढताना दोन, उतरताना दोन, म्हणजे एका प्रवासाला चार लिफ्ट. चारही चालू असण्याची शक्यता उरते जेमतेम ८९ टक्के. परतीचा प्रवास धरला तर ७८. कागदावर ९७ चा आकडा बघून समाधान मानणाऱ्या अधिकाऱ्यांना एकदा व्हीलचेअरवर बसवून फलाटावर सोडा. अपंगांना दारातून नेणारी एमटीएची 'अॅक्सेस-अ-राइड' सेवा आहे म्हणाल, तर तिची गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. आजारपण आदल्या दिवशी सांगून येत नाही.

आणि घरांचे काय? मार्च १९९१ नंतरच्या लिफ्टवाल्या मोठ्या इमारतींत प्रत्येक घराच्या दारातून व्हीलचेअर जावी, असा कायदा आहे. क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटीच्या उंच इमारतींत ती जाते. तिथले भाडे परवडत नाही ते जुन्या, बिनलिफ्टच्या चार-पाच मजली घरांत राहतात. भारतातून मुलांकडे राहायला आलेले आमचे आईवडील अशाच जिन्यांवर कठडा धरून एकेक पायरी उतरतात आणि पुढे स्थानकाचा जिना बघून मागे फिरतात. बाबागाडी उचलून चढणाऱ्या आयांची तीच गत.

पैसा नाही, हे ऐकवू नका. मॅनहॅटनमध्ये ६० व्या स्ट्रीटच्या दक्षिणेला येणाऱ्या गाड्यांवरचे शुल्क २०२४ च्या जूनमध्ये, सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, तुम्हीच थांबवले. त्याच पैशावर ठरलेली लिफ्टची कामे लांबणीवर पडली. २०२५ च्या जानेवारीत ते लागू झाले, पण १५ डॉलरचे ९ करून. एमटीए राज्याकडे बोट दाखवते, राज्य वॉशिंग्टनकडे, आणि रस्ता तर शहराचा! जिन्याखाली उभ्या माणसाला यातला कोणीच भेटत नाही.

यापुढे एकही स्थानक लिफ्टशिवाय दुरुस्त करू नका. बंद पडलेल्या प्रत्येक लिफ्टवर बिघाडाचे कारण आणि सुरू होण्याची तारीख लावा, आणि ती बंद असल्याचे आधीच्या स्थानकावर, गाडीतच सांगा. ३० वा अॅव्हेन्यू, ब्रॉडवे, ३६ वा आणि ३९ वा अॅव्हेन्यू इथे लिफ्ट कोणत्या वर्षी येणार, ते लेखी कळवा.

आपले,
क्वीन्समधील मराठी रहिवासी