कोपराला मालिश करायची नाही

ओंकार,

फोनवर तू नुसतं हो हो करतोस म्हणून लिहितेय. ऑपरेशन झालं, आता हात झोळीत टाकून गप पडून राहायचं असं तू ठरवलंयस ना, ते चालणार नाही. तुझा एक्स-रे मी आपल्या नाक्यावरच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, कोपराचं टोक तुटलं की दंडाच्या मागचा ट्रायसेप्स स्नायू तो तुकडा वर खेचतो, म्हणून नुसत्या प्लास्टरने भागलं नसतं. दोन पिना आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तार घातलीय ती हात लवकर हलवता यावा म्हणूनच, मग हलवायचाच नाही तर एवढा खर्च केला कशाला?

माझं काय झालं आठवतंय ना. लालबागच्या चाळीच्या जिन्यावरून पडले तेव्हा तू दुसरीत होतास. सहा आठवडे प्लास्टर, काढलं तर हात काटकोनात लाकडासारखा, मग आजीने एका हाडवैद्याकडे नेलं, तो तेल लावून असा रगडायचा की मी पदर दातात धरायचे. हात सुटायचा सोडून आणखी आवळला. कोपर असं रगडलं, जबरदस्तीने ताणलं की स्नायूत नको तिथे हाड धरू शकतं, हे मला नंतर कळलं. वीस वर्षं झाली, लोकलमध्ये डाव्या हाताने वरचं हँडल धरता येत नाही अजून.

तेव्हा शेजारच्या काकू तेल घेऊन आल्या तर हात जोड. फिजिओने सांगितलंय तेवढं तू स्वतः वाकवायचं, दुसऱ्या कोणी ओढायचं नाही. कोपर ३० ते १३० अंशांत वाकलं (सरळ हात म्हणजे शून्य) तरी रोजची बरीचशी कामं होतात, अगदी सरळ नाही झाला तरी रडत बसू नकोस. जड उचलायचं नाही, बाइक नाही (बाइकबद्दल तिकडे आल्यावर बोलणारच आहे). करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर वाटलं तर लगेच दाखव, कोपर आपटल्यावर करंट लागतो ती नस तिथूनच जाते. तार कातडीखाली बोचली तर डॉक्टरांना सांग, हाड जुळल्यावर काढतात ती, पण टाक्यांतून पाणी किंवा पू आला तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

शुक्रवारचं उद्यान एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. बेसनाचे लाडू आणतेय, पण भरवणार नाही. त्याच हाताने तोंडापर्यंत नेलास तर खा.

आई