मंत्रीसाहेब, ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबायला आम्हाला सरकारनंच शिकवलं

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

पत्रास कारण की, मागच्या गुरुवारी माझ्या खात्यातून 48,300 रुपये गेले. सप्टेंबर 2025 च्या पाण्यात सोयाबीन उभं कुजलं, त्यातून जे हाती लागलं त्याचे हे पैसे. लेकीची फी भरायची होती.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अतिवृष्टी अनुदान यादी’ नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायची फाइल, आली. दाबली. फोननं लाल इशारा दिला, ॲप हानिकारक असू शकतं म्हणून. मी ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबलं. येडा म्हणा. पण ही सवय मला लावली कुणी? गेल्या वर्षी एका सरकारी कर्मचाऱ्यानंच याच ग्रुपवर नोंदणीची एपीके टाकली होती. वर व्हॉइस मेसेज: “प्ले स्टोअरवर यायला टाइम आहे, हीच टाका. लाल काही आलं तर घाबरू नका, पुढं दाबा.” दाबलं, काही झालं नाही. तव्हापासून तो इशारा म्हणजे आम्हाला सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र.

तुमच्या जाहिराती सांगतात, ओटीपी कुणाला सांगू नका. साहेब, मी नाहीच सांगितला. मलाच तो दिसला नाही! त्या ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मी दिली, ओटीपी परस्पर गेला. हे तुमच्या कोणत्या जाहिरातीत आहे?

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. लागला, पण तासाभरानं. पोलिसांनी झेरॉक्स मागितल्या. बँकेत साहेब म्हणाले, “चूक तुमची.” रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात लिहिलंय, कळवल्यापासून 10 कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी. ते दाखवलं तर साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडंच पाहिलं. आमच्या गावात असे सात-आठ जण तरी निघतील, निम्मे लाजेनं बोलत नाहीत. मग राज्यात किती, तुम्हीच गुणाकार करा. तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे.

पुतण्या सांगतो, ज्यांनी स्वतःची ओळख पटवली नाही अशांनी बनवलेली ॲप गूगल सप्टेंबर 2026 पासून अडवणार आहे. कुठं? तर आधी ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड. आमचा औसा तालुका त्यात बसत नाही.

पीक पाहणी ॲपवर, केवायसी ऑनलाइन, शेतकऱ्याचा नंबर ऑनलाइन. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढायचं आणि खाली उतरलं की म्हणायचं ‘डिजिटल’. आधी सातबाऱ्यासाठी हेलपाटे होते, आता हेलपाटे आहेतच, वर डेटा पॅकचा खर्च. माणूस समोर बसवायचा नाही, एवढंच धोरण दिसतंय. पूर्वी लाच खाणारा निदान नावानं माहीत असायचा.

मागणं फार नाही. कुठल्याही सरकारी माणसानं ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर टाकू नये, असा लेखी आदेश काढा. आणि फोन कंपन्यांना सांगा, ‘अज्ञात स्रोत’ असलं बोजड लिहू नका. ‘हे टाकलं तर तुमचे मेसेज दुसरा वाचील आणि खातं साफ करील’ असं लिहा. माझ्या आईलाही कळंल.

सध्या खात्यात 212 रुपये आहेत. काल बँकेनं त्यातून एसएमएस सेवेचे पैसे कापले. तो मेसेज मात्र वेळेवर आला.

आपला,
एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर