घरभेटीला अनुदानात जागा द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

आमच्या गावच्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक अर्ज भरतात. तंबाखू खाता का, रोज दारू घेता का, हे त्यात विचारलेले असते. पुढे दोन प्रश्न मनाचे असतात : कशात गोडी वाटेनाशी झाली आहे का, उदास वाटते का. गेल्या वर्षी द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या एका माणसाने या सगळ्याला ‘हो’ म्हटले. अर्ज भरल्याचे मानधन आशाताईंना मिळाले. पण नंतर त्या आणखी सात वेळा त्याच्या घरी गेल्या, बायकोशी बोलल्या, त्याला एसटीत बसवून नाशिकला घेऊन गेल्या. या खेपांचे पैसे कोणत्या रकान्यात मागायचे, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

मी निफाड तालुक्यातला निवृत्त शिक्षक. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही काही जण शाळेच्या एका वर्गात, दारू सोडू पाहणाऱ्यांसोबत बसतो. तिथे जे पाहिले त्यावरून आपल्याकडे एकच मागणे आहे : अनुदानाच्या नियमांत घरभेटीला जागा द्या.

आज पैसा दोन वाटांनी येतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आपल्या खात्याकडे. त्यासाठी केंद्राने जिल्ह्यामागे वर्षाला ८३.२० लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य ठरवले होते. व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय खात्याकडे, आणि त्यांचा हिशेब खाटांवर. माणूस मात्र दोन खात्यांत विभागलेला नसतो. झोप लागत नाही म्हणून तो पितो आणि पितो म्हणून आणखी खचतो.

खाटा नकोत असे मी म्हणत नाही. रोजची दारू एकदम तोडली की काहींना थरथर सुटते, झटके येतात, भास होतात. तेव्हा डॉक्टरच हवा. पण केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत दिसले, की दारूच्या आहारी गेलेल्या १८० जणांत एकालाच दाखल होऊन उपचार मिळाले. कसलीही मदत मिळाली ती ३८ जणांत एकाला. उरलेल्यांपर्यंत खाट कशी पोचणार? सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून नाशिकला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्याला नाही तर पुण्याला.

व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावरचे पहिले काही महिने फार नाजूक असतात. आठवड्याचा पगार हातात पडतो, जुने सोबती नाक्यावर उभे असतात, घरात कोणाचा विश्वास नसतो. कोणी तरी ‘दारू सोडवायचे औषध’ म्हणून पुडी देतो आणि बायको ती चोरून भाजीत कालवते, त्यात जिवाला धोका असतो हे तिला माहीत नसते. अशा घरी ओळखीचे माणूस जाऊन बसले, तर गोळ्या चालू आहेत का ते कळते. फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवा, एवढे सांगितले तरी एखादा जीव वाचतो.

नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडला, मालेगावात ‘कुत्ता गोळी’ नावाच्या नशेच्या गोळीने पोरे नासली. छापे पडलेच पाहिजेत. पण छाप्यानंतर ज्या पोराला माल मिळेनासा होतो, त्याच्याकडे कोण जाते?

आमच्या ओळखीच्या एका संस्थेचा हप्ता मार्चमध्ये आला. तोवर पगाराविना समुपदेशक मुलगी नोकरी सोडून गेली होती. तीन आठवड्यांत खर्च दाखवायचा म्हणून फलक छापले, रॅली काढली. पैसे ठरल्या कामी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र व्यवस्थित गेले. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्या मुलीला गावातली पोरे ताई म्हणायची, तिच्याशी खरे बोलायची.

म्हणून अनुदान किमान तीन वर्षांचे असावे आणि पहिला हप्ता एप्रिलमध्ये मिळावा. अहवालात रॅली किती काढल्या यापेक्षा, सहा महिन्यांनंतरही किती जणांची भेट चालू आहे हे विचारावे. घरभेटींच्या खोट्या नोंदी होतील, असे आपले अधिकारी म्हणतील. पण क्षयरोग्याचा उपचार पूर्ण करून घेणाऱ्या मदतनिसाला शासन मानधन देतेच, आणि ते हिशेबात बसते. मग व्यसनाच्या आणि मनाच्या आजारात अडचण काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २९ ने मानसिक आजारांच्या प्रतिबंधाचे काम शासनावर सोपवले आहे. पैशांचे म्हणाल, तर दारूवरच्या उत्पादन शुल्कातला ठरावीक वाटा याला द्या. घटनेचे कलम ४७ राज्याला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगते. तिथवर न जाता हा वाटा देणे तरी अवघड नसावे.

अर्थसंकल्पाआधी दोन्ही खात्यांची एकत्र बैठक लावावी आणि तिला दोन-तीन आशाताईंना बोलवावे, ही विनंती. आमच्या आशाताई येतील. सातही खेपांच्या तारखा त्यांच्या वहीत आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. निफाड, जि. नाशिक