पिशवी साफ झाली, तपासणी राहिली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि मी देवापुढे साखर ठेवली. सून मात्र गप्प होती. आषाढातच तिची पिशवी साफ केली होती. सोनोग्राफीत बाळ नव्हतंच, द्राक्षांच्या घडासारखे फुगे होते. द्राक्षगर्भ म्हणतात त्याला. घरी सोडताना कार्डावर ‘गरज वाटल्यास या’ एवढंच लिहिलं. दर आठवड्याला रक्त तपासा, असं सिस्टरनं तोंडी सांगितलं होतं आणि सून दोनदा गेलीही. ‘काहून पोरीचं सारखं रक्त काढतात बाप्पा!’ असं म्हणून तिला थांबवणारी मीच.

मग खोकला लागला, थुंकीत रक्त दिसलं. संशय टीबीचा; आपल्याकडे दुसरं सुचणार काय? थुंकीच्या तपासणीत काही निघालं नाही, पण एक्स-रेत गोल डाग होते. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘मागची गर्भधारणा कधीची?’ मला राग आला. छातीचा अन् पिशवीचा काय संबंध?

संबंध होता. बाळाची वार ज्या पेशींपासून बनते, त्याच पेशी पिशवीत उरून वाढत होत्या आणि रक्तातून फुप्फुसात गेल्या होत्या. याला जीटीएन म्हणतात, म्हणजे वारेच्या पेशींचा कॅन्सर. कोरिओकार्सिनोमा त्यातलाच एक प्रकार. या पेशी एचसीजी हे गर्भारपणाचंच संप्रेरक सोडतात, म्हणून त्या दोन रेघा. पूर्ण द्राक्षगर्भानंतर शंभरातल्या पंधरा-वीस जणींना पुढे हा त्रास होतो. गर्भपातानंतर किंवा चांगल्या बाळंतपणानंतरही क्वचित होतो. बहुतेक वेळा तुकडा काढून तपासावा लागत नाही, एचसीजीचा आकडाच रोग सांगतो.

‘पिशवीच काढून टाका’ असा हट्ट मी धरला. डॉक्टरांनी समजावलं, ती काढून फुप्फुसातल्या पेशी जाणार नाहीत. तिची जोखीम कमी गटातली निघाली. मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाचं इंजेक्शन एक दिवस, दुसऱ्या दिवशी त्याचा त्रास कमी करणारं फोलिनिक अॅसिड, असे आठ दिवस; पुन्हा पंधरवड्यानं तेच. तोंड आलं, जेवण जाईना, पण केस राहिले. आकडा नॉर्मल आल्यावरही इंजेक्शनं चालूच, तेव्हा मी पुन्हा कुरकुरले. मुलानं वाचून सांगितलं की 1956 साली अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ या डॉक्टरांनी याच औषधानं पसरलेला कोरिओकार्सिनोमा बरा केला होता. गाठ दिसेनाशी झाली तरी आकडा उतरेपर्यंत औषध द्यायचं, या हट्टापायी ली यांची नोकरी गेली. 1972 मध्ये त्यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. माझी कुरकुर थांबली.

या गटातल्या जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या होतात, जास्त जोखमीच्या गटातल्याही बहुतेक. पिशवी राहते, वर्षभर थांबून पुढं मूलही होऊ शकतं. इतका बरा होणारा कॅन्सर आमच्या घरी चार आण्याच्या निष्काळजीपणानं छातीपर्यंत गेला, याची चीड येते.

मागणी एकच. नागपूरच्या डागा, मेयो, मेडिकल या सरकारी दवाखान्यांपासून गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत, द्राक्षगर्भ काढलेल्या प्रत्येकीच्या कार्डावर मराठीत, तारखेसह लिहून द्यावं: बीटा एचसीजी (एचसीजीची रक्ततपासणी), दर आठवड्याला, नॉर्मल येईपर्यंत, मग महिन्याला, तोवर दिवस राहू देऊ नका. आणि ते सासूलाही वाचून दाखवावं.

हे पत्र सुनेला विचारूनच लिहिलं आहे. तिचा पुढचा आकडा सोमवारी आहे. सोबत मी जाणार.

— एक सासू, मानेवाडा, नागपूर